पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन, हे मोजले कोणी?

नववीच्या वर्गात मोलची गणिते सुरू झाली, की मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी वह्या घेतलेली मुले दिसू लागतात. घरी करायला दिलेली गणिते सुटलेली नसतात. काहींचा गुणाकार-भागाकार कच्चा असतो. त्यांची अडचण सोपी. पण काही मुले वेगळ्याच जागी अडतात आणि त्या जागेकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही, असे आम्हाला वाटते.

एक साधे गणित घेऊ. ४ ग्रॅम हायड्रोजन पूर्णपणे जाळण्यास किती ऑक्सिजन लागेल? उत्तर ३२ ग्रॅम. बरीच मुले ६४ ग्रॅम असे उत्तर आणतात. हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ असे धरून त्यांनी एकास एक जोडी लावलेली असते. आपण लाल शाईने ‘समीकरण चुकले’ असा शेरा मारतो. एकदा असा शेरा वाचून एका मुलीने आम्हालाच विचारले, “सर, पण पाण्यात हायड्रोजनचे अणू दोनच असतात, हे मोजलं कुणी?” ‘सध्या पाठ कर, पुढे कळेल’ असे सांगून आम्ही तिला वाटेला लावले. खरे सांगायचे तर उत्तर आम्हालाही धड माहीत नव्हते. पुढे शोधत गेलो तेव्हा कळले, की युरोपातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ नेमक्या याच जागी सुमारे ५० वर्षे अडून बसले होते.

अडचण काय होती ते पाहू. पाण्याचे पृथक्करण करून वजने केली, तर १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. एवढे तराजू सांगतो; याहून जास्त सांगत नाही. पाण्यात दोन्हींचा एकेक अणू असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरेल. हायड्रोजनचे दोन अणू असतील तर १६ पट. म्हणजे अणूचे वजन कळायला रेणुसूत्र हवे आणि रेणुसूत्र कळायला अणूचे वजन हवे. या चक्रातून बाहेर कसे पडायचे?

जॉन डाल्टनने १८०८ साली आपला अणुसिद्धांत पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा त्याने सरळ एक नियम गृहीत धरला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोघांचा एकेक अणू आहे असे समजावे. त्या काळी पाणी हेच हायड्रोजन-ऑक्सिजनचे माहीत असलेले एकमेव संयुग होते, म्हणून पाण्यात एकास एक. आमच्या वर्गातली मुले ६४ ग्रॅम हे उत्तर काढताना अगदी असाच विचार करतात.

येथे वाचक शिक्षक म्हणतील, की पाण्याचे विद्युत अपघटन दाखवावे. एका नळीत दुप्पट हायड्रोजन जमतो, झाले! पण ही गोष्ट डाल्टनच्या काळीही ठाऊक होती. १८०० सालीच विजेने पाण्याचे अपघटन झाले होते. दुप्पट आकारमान म्हणजे दुप्पट अणू, हे मात्र त्या नळ्या सांगत नाहीत. समान आकारमानात कणांची संख्या समान असेल तरच तसे म्हणता येईल, आणि डाल्टनला हेच मान्य नव्हते. त्याचे कारणही चांगले होते. गे-ल्युसॅकच्या प्रयोगांत २ आकारमान हायड्रोजन आणि १ आकारमान ऑक्सिजन यांपासून २ आकारमान वाफ मिळे. कणांची संख्या आकारमानाप्रमाणे मानली, तर ऑक्सिजनचा एक कण वाफेच्या दोन कणांत वाटला गेला पाहिजे. अणू तर फुटत नाही!

यावरचा तोडगा ट्यूरिनच्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोने १८११ सालीच सांगितला होता. समान तापमान व दाब असताना सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. आणि ऑक्सिजन, हायड्रोजन यांसारख्या वायूंचे रेणूसुद्धा एकाहून अधिक अणूंचे असतात. फुटतो तो रेणू, अणू नव्हे. आज हे आपण एका वाक्यात शिकवतो. त्या वेळी ते फारसे कोणी ऐकून घेतले नाही. बर्झेलियसच्या मते अणू एकत्र येतात ते विरुद्ध विद्युतप्रभारांमुळे. मग एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना कसे धरतील? ड्युमाने १८२६ पासून अनेक पदार्थांच्या बाष्पांची घनता मोजली, पण गंधक आणि पारा यांचे आकडे कशातच बसेनात. (गंधकाच्या बाष्पाचा रेणू त्या तापमानाला अनेक अणूंचा असतो आणि पाऱ्याचा एकाच अणूचा, हे नंतर उलगडले.) ‘अणू’ हा शब्दच शास्त्रातून पुसून टाकावा, इथपर्यंत ड्युमाची निराशा गेली. कोणी ऑक्सिजन ८ धरी, कोणी १६. कोणी कार्बन ६ धरी, कोणी १२. ॲसेटिक ॲसिडसाठी निरनिराळ्या लोकांनी वापरलेली १९ सूत्रे केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकत्र छापली आहेत. त्या काळातल्या विद्यार्थ्याने घरी बसून गणित कसे सोडवले असेल, कल्पना करावी.

या विद्यार्थ्यांना मदत करायला जो पुढे आला, तो स्तानिस्लाओ कॅनिझारो. १८२६ साली सिसिलीतल्या पालेर्मोत जन्मलेला हा मनुष्य १८४८ च्या सिसिलीतील उठावात सामील झाला होता. उठाव फसल्यावर तो पॅरिसला गेला, परत येऊन आलेसांद्रियाच्या विद्यालयात शिकवू लागला आणि १८५५ मध्ये जेनोव्हा विद्यापीठात प्राध्यापक झाला. आपल्याला त्याचे नाव ‘कॅनिझारो अभिक्रिये’मुळे माहीत असते. पण आमच्या मते त्याचे मोठे काम १८५८ सालचे. पिसा येथील मित्र दे लूका याला त्याने एक लांब पत्र लिहिले आणि आपण वर्गात रसायनशास्त्राचा पाया कसा शिकवतो ते तासागणिक सांगितले. नवा प्रयोग नाही, नवा सिद्धांत नाही. पत्राचे शीर्षकही साधे, अभ्यासक्रमाचा गोषवारा असे.

कॅनिझारोने ॲव्होगॅड्रोचे म्हणणे प्रथम मनापासून मानले आणि त्याचे गणित करून दाखवले. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे एकेक आकारमान घेतले तर हायड्रोजन क्लोराइडची दोन आकारमाने मिळतात. म्हणजे हायड्रोजनच्या रेणूचे दोन सारखे भाग होतात. म्हणून हायड्रोजनच्या अर्ध्या रेणूला १ मानायचे. पूर्ण रेणू २. ऑक्सिजन वायू हायड्रोजनच्या १६ पट घन आहे, म्हणून त्याचा रेणू ३२. वाफ ९ पट घन, म्हणून पाण्याचा रेणू १८. याप्रमाणे कोणत्याही वायूचे किंवा बाष्पाचे रेणुवस्तुमान सूत्र ठाऊक नसतानाही काढता येते. चक्र तुटले ते येथे, आणि तोडले ते वायूच्या घनतेने. म्हणजे एका परीने भौतिकशास्त्राने!

पुढचे पाऊल वजनी पृथक्करणाचे. पाण्याच्या १८ भागांत ऑक्सिजन ८८.९ टक्के, म्हणजे १६. कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये ५७.१ टक्के, म्हणजे पुन्हा १६. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ७२.७ टक्के, म्हणजे ३२. खुद्द ऑक्सिजन वायूच्या ३२ मध्ये सगळेच ३२. कॅनिझारो असे तक्ते विद्यार्थ्यांपुढे ठेवी आणि त्यांनाच तुलना करायला सांगे. ऑक्सिजन कोठेही १६ पेक्षा कमी येत नाही. येतो तो १६ च्या पटीत. तोच त्याचा अणू. हायड्रोजनचे तसेच करावे: हायड्रोजन क्लोराइडच्या ३६.५ मध्ये १, पाण्याच्या १८ मध्ये २, अमोनियाच्या १७ मध्ये ३, मिथेनच्या १६ मध्ये ४. पाण्यात दोन अणू आहेत हे ‘मोजले’ गेले ते असे. ज्या धातूंची बाष्पे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी त्याने ड्युलाँग आणि पेटी यांचा १८१९ चा विशिष्ट उष्णतेचा नियम वापरला.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूहे गावी शंभरावर रसायनशास्त्रज्ञ या गोंधळावर विचार करायला जमले. तीन दिवस चर्चा झाली, कॅनिझारो तळमळीने बोलला, पण एकमत झाले नाही. शास्त्रातले प्रश्न हात वर करून सुटत नसतात, हे तेथेही दिसले. निघताना त्याचा मित्र पावेसी याने त्या पत्राच्या छापील प्रती लोकांना वाटल्या. लोथार मायरने आपली प्रत वाटेत वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली आणि डोळ्यांवरचा पडदा दूर झाल्यासारखे वाटले, असे त्याने नंतर नमूद केले. सभेला २६ वर्षांचा मेंडेलीव्हही होता. त्याने सभेची हकिकत आपल्या गुरुजींना पत्राने कळवली. दुरुस्त अणुभार हाती नसते तर १८६९ ची त्याची आवर्तसारणी जुळली नसती.

१८७२ साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे कॅनिझारोने एक व्याख्यान दिले, विषय रसायनशास्त्रातले तात्त्विक भाग कसे शिकवावेत हा. नवे शास्त्र शिकणाऱ्याच्या मनाला पुष्कळदा त्या शास्त्राच्या इतिहासातल्या सर्व अवस्थांमधून जावे लागते, असे तो तेथे म्हणाला. हे वाचल्यावर आम्हाला ६४ ग्रॅमवाल्या वह्या आठवल्या.

आता मोलच्या गणितांआधी आम्ही एक तास वेगळा काढतो. फळ्यावर फक्त रेणुवस्तुमाने आणि टक्केवारी लिहितो. सूत्र एकही लिहीत नाही. मुले गुणाकार करतात, सर्वांत लहान आकडा शोधतात. बहुतेक वेळा ऑक्सिजन वायूच्या ओळीपाशी कोणीतरी थबकते. पाण्यात १६ आणि हवेतल्या ऑक्सिजनमध्ये ३२, मग हवेतला ऑक्सिजन जोडीने राहतो का? यावर वर्गात थोडा गलका होतो, तो आम्ही होऊ देतो. ४ ग्रॅम हायड्रोजनचे गणित त्यानंतरच्या तासाला घालतो.