जुनाट दुखणे आणि थकवा असताना झेपेल अशी हस्तकला कशी निवडाल?

संधिवात, फायब्रोमायल्जिया किंवा जुनी पाठदुखी असलेले अनेकजण आवडीच्या गोष्टी एकेक करून सोडून देतात. 'आता हात चालत नाहीत' म्हणून भरतकामाचा डबा माळ्यावर जातो. खरे तर मन कामात गुंतले की वेदना कमी जाणवते. हस्तकला हे औषध नाही. पण औषधे आणि व्यायाम यांच्या जोडीला तिचा उपयोग होतो.

काय निवडावे?

- क्रोशा, विणकाम: जाड लोकर आणि जाड मुठीची सुई घ्या. बारीक सुई घट्ट धरावी लागते, त्याने बोटे लवकर दुखतात.
- गोधडी: जमिनीवर वाकून मोठी गोधडी शिवू नका. टेबलाशी बसून लहान चौकोन शिवा, जोडता नंतर येतात.
- शाडूचा गणपती: माती मळायला जोर लागतो, ते काम दुसऱ्याला द्या. गार, ओल्या मातीने बोटे आखडत असतील तर कोमट पाणी वापरा.
- वाती, मण्यांचे तोरण: बसल्या जागी होते, केव्हाही थांबवता येते. मात्र अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर चिमटीची कामे कमी करा.

किती वेळ करावे?

सुरुवातीला १० मिनिटांचा गजर लावा. दुखू लागण्याआधीच थांबा, हात सैल सोडा. बरे वाटते म्हणून एका दिवसात सगळे उरकले, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. काम थांबवल्यावर वाढलेले दुखणे २ तासांनंतरही उतरले नाही, तर पुढच्या वेळी वेळ कमी करा. सकाळी सांधे आखडत असतील तर दुपारची वेळ निवडा. पाठीला आधार, कोपराखाली उशी आणि भरपूर उजेड असू द्या.

साहित्य आणण्यातही शक्ती खर्च होते. तुळशीबाग किंवा बोहरी आळीच्या गर्दीत फिरून आलात, तर त्या दिवशी हातकाम नको. सुरुवातीला थोडेच साहित्य घ्या. कला झेपते का, ते आधी कळू द्या.

घरच्यांसाठी

'लग्नाआधी रुखवत पूर्ण कर' अशी मुदत घालू नका. अर्धवट राहिलेल्या कामावरून टोकू नका. आज तोरण केले म्हणजे उद्या स्वयंपाकही जमेल, असे नसते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

सांधा सुजला, लाल किंवा गरम झाला. बोटांना मुंग्या येऊन रात्री झोपमोड होऊ लागली. पकड सुटून वस्तू हातातून पडू लागल्या, तर हातकाम थांबवून तपासून घ्या. सांधा अचानक सुजून तापही आला असेल तर त्याच दिवशी दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन काम पुढे रेटू नका.