शुद्धीचे गुण आणि विषाचं नाव

आमच्या नायगावकडं कुणाच्या पोटात फवारणीचं औषध गेल्याचं कळलं की जमलेली माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात: "बोलतोय का?" बोलत असेल तर जीव भांड्यात पडतो. बोलत नसेल तर बायाबापड्यांची रडारड सुरू होते. गंमत म्हणजे दवाखान्यातले डॉक्टरही पहिल्या मिनिटात हेच बघतात, फक्त ते त्याला गुण देतात. मग प्रश्न असा की, विषबाधा झालेल्या माणसाची शुद्ध पाहून तो वाचेल की नाही हे खरंच सांगता येतं का? याचं आजचं उत्तर समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

थंड पाणी आणि अंगावरचा काटा

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषाची चर्चा आहे. विष अंगात चढत जातं त्याचे 'वेग', म्हणजे टप्पे, तिथं सांगितलेत. आणि वैद्यानं कोणता रुग्ण सोडून द्यावा याच्या खुणाही आहेत: शस्त्रानं जखम केली तरी रक्त येत नाही, वेलीनं मारलं तरी वळ उठत नाहीत, थंड पाणी टाकलं तरी अंगावर काटा येत नाही. आजच्या भाषेत पहिल्या दोन खुणा रक्ताभिसरणाच्या, तिसरी मज्जासंस्थेची. साप चावलेल्याला कडुलिंबाचा पाला चावायला देऊन "कडू लागतंय का?" विचारायची आपल्याकडची पद्धत याच जातकुळीतली.

निरीक्षण बारीक होतं. पण शेवटी निघायचा तो निवाडा: प्रतिसाद नाही, म्हणजे आशा नाही. त्या काळी श्वास थांबलेल्याला जगवायचं साधनच नव्हतं, त्यामुळे निवाडा बहुतेक वेळा खराही ठरत असणार.

कोपनहेगन: गाढ बेशुद्धी म्हणजे मरण नव्हे

विसाव्या शतकाच्या मध्यात युरोपात झोपेच्या गोळ्यांची, म्हणजे बार्बिट्युरेटची, विषबाधा फार होती. रुग्ण गाढ बेशुद्ध यायचे. डॉक्टर त्यांना जागं करण्यासाठी मेंदूला उत्तेजना देणारी औषधं टोचायचे. कोपनहेगनमध्ये १९४९ साली विषबाधेच्या रुग्णांसाठी वेगळं केंद्र सुरू झालं. तिथं कार्ल क्लेमेसेन यांनी हा खटाटोप बंद केला. श्वासनलिका मोकळी ठेवा, श्वास आणि रक्तदाब सांभाळा, कूस बदलत राहा आणि वाट बघा, एवढंच. मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १ ते २ टक्क्यांवर आलं.

माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात मोठा धडा आहे. डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध होतो तेव्हा मेंदूला प्रत्यक्ष इजा झालेली असते. विषानं बेशुद्ध होतो तेव्हा बहुतेक वेळा मेंदूचं रसायन अडलेलं असतं. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवता आला, तर तोच माणूस उठून बसू शकतो.

ग्लासगो: १५ पैकी किती?

१९७४ साली ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक मोजपट्टी मांडली. तीन गोष्टी बघायच्या: डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का. आज डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ असे जास्तीत जास्त गुण असतात. पूर्ण शुद्धीत १५, काहीच प्रतिसाद नसेल तर ३. शून्य नाहीच. ना यंत्र लागतं, ना रक्ताची चाचणी. म्हणून ही पट्टी जगभर पसरली.

पण दोघेही मेंदूचे शल्यविशारद. पट्टी बनली ती मुख्यतः डोक्याला मार लागलेल्यांसाठी. ती विषबाधेला लावली की अडचणी येतात. दारू पोटात असेल तर गुण घटतात. उपचारात ॲट्रोपिन जास्त झालं तर रुग्ण बरळतो. श्वासनळीत नळी घातली की बोलण्याचे गुण द्यायचे कसे? आणि मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटतात, हातपाय लुळे पडतात. तो बेशुद्ध दिसतो, पण आतून सगळं ऐकत असू शकतो.

श्रीलंका: आपल्यासारखं शेत, आपल्यासारखं विष

आपल्याकडच्या विषबाधेत ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं मोठ्या प्रमाणावर आढळतात. श्रीलंकेतही तेच, म्हणून तिथलं संशोधन आपल्या फार जवळचं. १९८७ साली सेनानायके आणि करालिड्डे यांनी दाखवलं की सुरुवातीचा झटका ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, काही रुग्णांचे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रुग्ण शुद्धीत असतो, पण त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. १९९३ मध्ये पेराडेनियाची मोजपट्टी आली. तिच्यात शुद्ध हा सहापैकी फक्त एक मुद्दा. बाकी बाहुल्या, श्वास, नाडी, स्नायूंचं फडफडणं आणि झटके.

२००८ मध्ये अनुराधपुरा आणि पोलोन्नारुवा इथल्या १,३६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष दुहेरी होता. ग्लासगोचे गुण १३ किंवा कमी असतील तर रुग्णावर कडक लक्ष हवं, इतपत अंदाज ही साधी पट्टी चांगला देते. पण कोणतं कीटकनाशक, यावर सगळं फिरतं. फेंथिऑनचे रुग्ण येताना बऱ्याचदा सौम्य वाटायचे आणि गुणांवरून पुढचा धोका कळायचा नाही.

मग आपण काय घ्यायचं?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची चाचणी वेळेवर मिळणं किती अवघड आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. अशा वेळी डॉक्टरांच्या हाती डोळे, कान आणि पंधरा गुणांची पट्टीच उरते. म्हणून ती नीट वाचता यायला हवी.

कमी गुण म्हणजे "आता काही उपयोग नाही" असं नव्हे. कमी गुण म्हणजे "श्वास सांभाळा, घाई करा". आणि १५ पैकी १५ म्हणजे सुटला असंही नव्हे. काही विषांमध्ये माणूस चांगला बोलत असताना आतले अवयव निकामी होत असतात. "बोलतोय की, सकाळी बघू" ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक. बोलत असला तरी लगेच दवाखाना, आणि डॉक्टर सोडेपर्यंत घरी आणायचं नाही.

एकदाच दिलेला आकडा म्हणजे नुसता फोटो. तो दर थोड्या वेळानं घेत राहिलं तरच उतार आहे की चढ, हे कळतं. नायगावहून नांदेड पन्नासेक किलोमीटर. तालुक्याच्या दवाखान्यातल्या चिठ्ठीवर निघतानाचे गुण आणि वेळ लिहिलेली असेल, तर नांदेडच्या डॉक्टरांना त्या वाटेत काय बदललं ते दिसतं.

आणि घरच्यांच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे औषधाचा डबा किंवा बाटली. बाटली शोधण्यात वेळ घालवू नका, पण समोर असेल तर पिशवीत घालून, लेबलासकट सोबत न्या. शुद्धीचे गुण डॉक्टर मोजतीलच, विषाचं नाव मात्र तुम्हीच पोचवू शकता.