तिरप्या रेषेची कुळकथा

अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्याचा मूळपुरुष शोधत गेलं, तर तो सापडतो फ्रान्समधल्या एका सरदार घराण्यात, आणि तिथे कुपोषणाचा मागमूसही नाही. फिलिबेर गेनो द मोंबेयार हा बर्गंडीतला खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. १७५९ च्या एप्रिलमध्ये त्याला मुलगा झाला आणि त्याने पोराची उंची मोजून लिहून ठेवायला सुरुवात केली. साधारण दर सहा महिन्यांनी, पोरगा चांगला मिसरूड फुटून मोठा होईपर्यंत. या नोंदी त्याचा मित्र, निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ, याने आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापल्या. पोर हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वाढतं, हेही बुफाँने त्यातून टिपलं. पण या आकड्यांची रेष ओढून बघावी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ती ओढली रिचर्ड स्कॅमन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने, १९२७ साली. तोवर मोंबेयारचा पोरगा वारून शतक उलटलं होतं.

उंचीची नोंद ही अशी हौसेपोटी सुरू झाली. वजनाची मात्र भीतीपोटी. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली आणि पॅरिसच्या राज्यकर्त्यांना एकदम साक्षात्कार झाला, की आपल्याकडे जन्म कमी होताहेत आणि जन्मलेली मुलंही धड जगत नाहीत. १८७४ मध्ये रूसेल कायदा आला. पैसे देऊन दाईकडे वाढवायला ठेवलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांवर सरकारची देखरेख सुरू झाली. पुढे १८९२ मध्ये पिएर ब्युदाँ या प्रसूतितज्ज्ञाने पॅरिसच्या शारिते रुग्णालयात एक नवा प्रघात पाडला. बाळंत होऊन घरी गेलेल्या बायकांनी मूल घेऊन परत यायचं, त्याचं वजन करायचं, अंगावर पाजण्याबद्दल सल्ला घ्यायचा, आणि दूध पुरत नसेल तर निर्जंतुक केलेलं दूध न्यायचं. मूल आजारी नसतानाही त्याला दवाखान्यात आणायचं, हीच त्यातली खरी नवलाई होती. दोनच वर्षांनी फेकाँ या बंदरात लेओं द्युफूर या डॉक्टरने ‘दुधाचा थेंब’ नावाचं दूधकेंद्र काढलं आणि ती टूम युरोपभर पसरली.

इंग्लंडचीही तीच तऱ्हा. बोअर युद्धाच्या भरतीत तरुणांची छाती भरेना, वजन भरेना, तेव्हा सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ चा. त्याच सुमारास हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी आपल्या भागात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावाने वचनचिठ्ठी दिली: मूल वर्षाचं झालं की आईबापांना एक पौंड. १९१८ मध्ये माता व बालकल्याणाचा कायदाच झाला. बालकल्याण केंद्रात दर आठवड्याला बाळाला तागडीत घालणं हा तिथल्या आयांचा रिवाज होऊन बसला. आज माता-बाल आरोग्याची जी धोरणं आपण मायेच्या भाषेत सांगतो, त्यांचा उगम बराचसा पलटणीच्या काळजीतला आहे, हे विसरू नये. मुलं वाचली हे खरंच. पण काटा सरकारचा, वही डॉक्टरची, आणि आईचं काम फक्त मूल उचलून आणण्याचं.

ही मांडणी उलटी केली ती नायजेरियात.

डेव्हिड मोर्ली हा इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५६ मध्ये पश्चिम नायजेरियातल्या इलेशा गावी मिशनच्या इस्पितळात गेला. दारात रोज मुलांची रीघ. गोवर, हगवण, डांग्या खोकला, आणि या सगळ्यांच्या तळाशी उपासमार. ती उपासमार मूल पूर्ण वाळल्याशिवाय किंवा सुजल्याशिवाय दिसायची नाही. जवळच्या इमेसी-इले या योरुबा गावात त्याने १९५७ पासून जन्मलेल्या मुलांची पाच वर्षांपर्यंत पाठराखण सुरू केली. काम मुख्यतः परिचारिकांच्या हाती, त्यात मार्गारेट वुडलंड हिचा वाटा मोठा. तिथे कळून चुकलं, की सूज येण्याच्या किती तरी महिने आधी मुलाचं वजन वाढायचं थांबलेलं असतं. आईला दिसत नाही, शेजारणीला दिसत नाही, डॉक्टरलाही दिसत नाही, काट्याला दिसतं. मग काट्याला दिसलेलं आईला कसं दाखवायचं?

त्यातून ‘आरोग्याची वाट’ हे कार्ड निघालं. घडीचा जाड कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आत आडवे महिने, उभे किलो, आणि डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या दोन वक्ररेषा. त्यांच्या मधला पट्टा म्हणजे वाट. मुलाचे ठिपके जोडले की तिसरी रेष तयार होते, ती या वाटेने चढत राहिली पाहिजे. मुलाचं वजन अमुकच हवं असा हट्ट त्यात नव्हता. बारकुडं पोरही खालच्या कडेने का होईना, चढत असेल तर ठीक. धष्टपुष्ट पोराची रेष आडवी झाली तर मात्र धोका. आजही हा भेद भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही. ठिपका कुठे आहे हे सगळे बघतात, रेष कुठे चालली आहे हे फार थोडे.

कार्डातली एक खुबी फार साधी आणि फार हुशारीची होती. मुलाचं वय किती हे विचारलं की जन्मतारखा न मांडणाऱ्या गावात अंदाजपंचे उत्तर मिळतं आणि सगळा आलेख चुकतो. म्हणून तळाच्या पहिल्या चौकटीत जन्ममहिना लिहायचा, त्यापुढे ओळीने महिन्यांची नावं. आज मे महिना असेल तर मे च्या चौकटीवर ठिपका. वयाचा हिशेब कोणालाच करायला नको. कार्डावर एक यादीही असे, या मुलाकडे जास्त लक्ष का द्यायचं याची: जुळं आहे, आई नाही, आधीची भावंडं गेली आहेत.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कार्ड आईकडे राहायचं. इस्पितळातल्या लोकांना हे पटवणं जड गेलं असणार. अडाणी बाई हरवेल, फाडेल, चुलीत घालेल, हा सुशिक्षितांचा ठरलेला संशय. प्रत्यक्षात आयांनी ती कार्डं जपली, आणि दवाखान्याच्या कपाटातल्या फायलींपेक्षा ती बरी सापडायची. मोर्ली पुढे लंडनला परतला, १९६५ मध्ये स्वस्त शिक्षणसाधनं पुरवणारी ‘टाल्क’ ही संस्था त्याने काढली. तिथे त्याने बनवलेला एक काटा मला या सगळ्या कुळकथेतला सर्वांत देखणा पुरुष वाटतो. स्प्रिंग मुलाच्या वजनाने ताणते, तिच्या मागेच कार्ड अडकवलेलं असतं, आणि आईने पेन्सिलचं टोक भोकातून घालून ठिपका द्यायचा. आकडा वाचायला नको, लिहायला नको. रेष आईच्याच हातची.

आपल्याकडे ही वाट आली ती एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांनी ती सुरू झाली. तिच्या केंद्राचं नाव आणि बरीचशी कल्पना महाराष्ट्राने दिली होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणातच शाळा भरवली होती, तीच ही अंगणवाडी. मात्र ताराबाईंच्या अंगणात गाणी, माती आणि खेळ होते. सरकारी अंगणवाडीत त्यात काटा, खिचडी आणि रजिस्टरं आली. त्याच वारली पट्ट्यात, डहाणू तालुक्यातल्या कासा इथे, सत्तरच्या दशकात माता-बाल आरोग्य व पोषणाचा एक नमुनेदार प्रकल्प चालला. जामखेडला मेबल आणि रजनीकांत आरोळे या डॉक्टर जोडप्याने १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. वजनाचा आलेख समजायला शाळा लागत नाही, हे तिथे रोज सिद्ध होत होतं.

अंगणवाडीतलं वजन कधी जवळून बघा. आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला टांगलेला घड्याळी काटा, त्याखाली झोळी. आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा. तेवढं विसरलं की प्रत्येक पोर पावशेराने गुटगुटीत होतं. मूल झोळीत बसवलं की हातपाय झाडतं, भोकाड पसरतं, काटा दोन खुणांमध्ये नाचत राहतो. सेविका एका हाताने झोळी हलकेच धरून सोडते, काटा क्षणभर ठरतो, ती आकडा मोठ्याने सांगते आणि मदतनीस लिहून घेते. आई त्या वेळी मुलाचा झबला आणि चपला सांभाळत उभी असते. तक्त्यावर ठिपका बहुधा नंतर पडतो, सगळ्यांचं एकदम, दुपारी, आया घरी गेल्यावर.

इथेच गफलत झाली. मोर्लीचं कार्ड आईशी बोलायचं. योजनेत शिरल्यावर ते वरिष्ठांशी बोलू लागलं. भारतीय बालरोग अकादमीने १९७२ मध्ये वयाला अपेक्षित वजनाच्या टक्केवारीवर चार श्रेणी ठरवल्या होत्या. ८० टक्क्यांच्या वर सर्वसाधारण, आणि तिथून दर दहा टक्क्यांना एकेक पायरी खाली. महिन्याच्या अहवालात श्रेणीनिहाय मुलांची संख्या मागितली जायची. अहवालाला रेष चालत नाही, ठिपकाच लागतो. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं वाढली की सेविकेला जाब विचारला जायचा, मग ठिपके आपोआप वर सरकायचे. हा सेविकेचा खोटेपणा म्हणणं सोपं आहे. मानधनावर राबणारी बाई, तिच्या हाती मूठभर आहार, आणि खरं लिहिलं की नोटीस. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? महाराष्ट्रात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघालं, ते या दुखण्यावर बोट ठेवूनच. आधी सगळ्या मुलांची वजनं घ्या आणि खरी घ्या, यावर त्याचा भर होता.

दरम्यान जगात या तक्त्याचा गाजावाजा शिगेला पोचला होता. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी १९८० च्या दशकारंभी मुलं वाचवण्याचा जो चारकलमी कार्यक्रम पुढे केला, त्यात पहिलं कलम वाढीवर लक्ष ठेवण्याचं. मग जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण. पुढे लस आणि जलसंजीवनी यांचे डंके वाजले. तक्ता मागे पडला. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तामिळनाडूतल्या खेड्यांचा एक अभ्यास आला. काही गावांत चोख वजनं आणि तक्ते, काहींत बाकी सगळ्या सेवा तशाच पण तक्ता नाही. अडीच वर्षांनी दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारलेली. तक्त्याचे भक्त यावर नाराज झाले. मला तो निष्कर्ष न पटण्यासारखा वाटत नाही. तापमापकाने ताप उतरत नाही. रेष आडवी झाल्यावर घरात खाण्यात, आजारपणात, आईच्या कामाच्या ओझ्यात काही बदलायची सोय नसेल, तर ती रेष नुसतं चित्र.

दुसरा वाद होता तो वाट कोणाच्या मुलांवरून आखायची, हा. आपल्या जुन्या तक्त्यांमागची मुलं बॉस्टनची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घेतलेला संदर्भही अमेरिकी, त्यातली तान्ही मुलं मुख्यतः ओहायोतली आणि बरीचशी बाटलीच्या दुधावर वाढलेली. बाटलीवरची आणि अंगावरची मुलं वेगळ्या गतीने वाढतात. परिणामी तीन-चार महिन्यांनंतर चांगल्या निकोप अंगावरच्या बाळाची रेष उगाच खाली झुकलेली दिसे, आणि आईला सांगितलं जाई, बाई, तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. तक्त्यानेच स्तनपान मोडावं, ही केवढी थट्टा! अखेर १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या सुमारे ८,५०० मुलांचा अभ्यास झाला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची. अट अशी, की मुलं अंगावर पिणारी, आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती बरी. दिल्लीचं पोर आणि ऑस्लोचं पोर पहिल्या पाच वर्षांत उंचीला जवळपास सारखंच वाढतं, हे त्यातून निघालं. आमची मुलं मुळातच बारीक चणीची, ही पळवाट तिथे बंद झाली. २००६ मध्ये नवी मानकं आली, २००८ मध्ये भारताने ती स्वीकारली, आणि चार श्रेणी जाऊन हिरवा, पिवळा, नारिंगी असे तीन रंग आले. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. तीव्र कमी वजनाची नवी रेघ जुन्या तिसऱ्या श्रेणीपेक्षा बरीच वर असल्याने, एकाही मुलाचं वजन न घटता कागदावरची संख्या फुगली.

या घराण्याची एक धाकटी पाती म्हणजे दंडघेर पट्टी. बगदादचे डॉ. शाकीर आणि मोर्ली यांनी १९७४ मध्ये तिचा पाठपुरावा केला. काटा नको, वय नको. दंडाला पट्टी गुंडाळायची आणि रंग बघायचा. त्याच तत्त्वावर बांगडीची चाचणीही होती. ४ सेंटिमीटर व्यासाचं कडं कोपराच्या वर सरकलं, तर दंड साडेबारा सेंटिमीटरपेक्षा बारीक. आज सेविका ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) मुलं शोधते ती उंचीच्या मानाने वजन पाहून आणि या पट्टीने.

२०२१ पासून वजन-उंची पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरायची. श्रेणी ॲप स्वतः काढतं. ठिपका जोडायचं काम संपलं. देशातल्या सुमारे १४ लाख अंगणवाड्यांचा आकडा दिल्लीत झटक्यात दिसतो, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. आईकडे उरतं ते एमसीपी, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात वाढीचा तक्ता आहे, अगदी मोर्लीच्या वाटेसारखा चढता. मी पाहिलेल्या अशा कार्डांत लसींचं पान तारखांनी भरलेलं असतं, आणि तक्त्याच्या पानावर जन्माचा एक ठिपका असतो किंवा तोही नसतो. लसीच्या तारखा पुढच्या डोसाला दवाखान्यात विचारल्या जातात, बालवाडीच्या प्रवेशाला विचारल्या जातात. तक्त्याचं पान उघडून दाखव, असं त्या बाईला कुठेच कोणी म्हणत नाही.