कॅसेटचं दुकान आणि आपली गाणी

आपल्या सरांबद्दल, बाईंबद्दल, सहली आणि गॅदरिंगबद्दल या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी कॅसेटच्या दुकानाबद्दल लिहिणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी अशा दुकानासमोर तासन्‌तास घालवले आहेत, आणि त्या दुकानांचा इतिहास आता आपल्या वयाच्या माणसांनीच लिहिला तर लिहिला जाईल. शिवाय लेखाच्या शेवटी तुम्हा सगळ्यांकडे माझं एक काम आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. चिंचपाड्याहून पॅसेंजरने नवापूरला जायचं. त्या स्टेशनाच्या फलाटावरूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, त्यामुळे माणूस एका राज्यात तिकीट काढतो आणि दुसऱ्या राज्यात गाडीची वाट बघतो. बाजारात वह्या-पुस्तकांची खरेदी झाली की आमचा मोर्चा कॅसेटच्या दुकानाकडे वळायचा. दुकान म्हणजे जेमतेम एक खण. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर उभ्या लावलेल्या कॅसेट, आणि गल्ल्याशेजारी दोन कॅसेटचा मोठा टेप. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि पुढच्या खेपेला भरलेली घेऊन जायची. एका बाजूला अर्धा तास बसतो, म्हणजे सहा गाणी लिहायची की सात, यावर आमच्यात भांडणं होत. दुकानदारकाका यादी वाचून, "हे शेवटचं अर्धंच येईल बरं का," असं आधीच सांगायचे, आणि ते गाणं खरोखर अर्ध्यावर तुटायचं. मला ती गाणी आजही तिथेच संपल्यासारखी वाटतात.

या दुकानांचं वय फार नव्हतं. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही छोटी कॅसेट बाजारात आणली. त्याआधी गाणं विकत घ्यायचं तर तबकडी, आणि तबकडी म्हणजे मुख्यतः एचएमव्ही, म्हणजेच कोलकात्याजवळच्या दमदमला कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी. तबकडी छापायला मोठी यंत्रं लागत, म्हणून काय छापायचं हे ठरवणारी माणसंही थोडीच होती. कॅसेटने ते बदललं. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट काढल्या आणि त्या पानाच्या टपरीपर्यंत पोहोचवल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तकच या विषयावर लिहिलं. त्यात त्याने दाखवलं की स्वस्त कॅसेटमुळे उत्तर भारतात प्रादेशिक बोलींतल्या गाण्यांना पहिल्यांदाच स्वतःचा बाजार मिळाला.

तो बाजार आपण डोळ्यांनी पाहिला आहे. आठवा, त्या दुकानात सर्वांत वर हिंदी सिनेमा, मग गुजराती गरबा, मग मराठी भावगीतं आणि भक्तिगीतं. आणि सगळ्यात खाली, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या कॅसेटची एक रांग असे. त्यात रोडाली होत्या, लग्नातली गाणी होती, होळीची गाणी होती, कुठल्या तरी गावच्या बँड पार्टीने रात्रभर वाजवलेलं होतं, मावचीतली ख्रिस्ती भजनंही होती. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नसे, साल नसे, बऱ्याचदा गाणाऱ्याचंही नाव नसे. असलं तर गावाचं. माझ्या घरची भाषा मावची, शाळेची मराठी आणि बाजाराची गुजराती. रेडिओवर आकाशवाणी जळगाव आणि विविध भारती लागायचं. पण घरची भाषा लाउडस्पीकरवर, पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू म्हणून मी पहिल्यांदा ऐकली ती त्या दुकानात. तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

ते विशेष का आहे हे कळायला मला मुंबईला जावं लागलं. इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीबरोबर मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायला लागले. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरचं हे दुकान १९४० च्या दशकातलं. कर्मली कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. तिथे विकत घेण्याआधी ऐकून बघायची सोय होती, आणि आमच्यासारख्या खिशात लोकलच्या पासपुरतेच पैसे असणाऱ्या मुलींना तेवढीच पुरेशी होती. तिथेच मी बॉब मार्लीची 'लेजंड' ऐकली आणि रेगे म्हणजे काय ते मला समजलं.

रेगेचा ठेका आपल्या कानाला आधी चकवतो. चार मात्रांमधली पहिली, जिला आपण सम म्हणू, तिथेच आपण जोर देतो. रेगेच्या प्रसिद्ध 'वन ड्रॉप' ठेक्यात ती पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि ढोलाचा घाव तिसरीवर पडतो. गिटार मधल्या जागा भरते. त्यामुळे गाणं सतत किंचित मागे रेलून चालल्यासारखं वाटतं. मला ते इतकं आवडलं की त्या संगीताबद्दल मिळेल ते वाचत सुटले, आणि वाचता वाचता पुन्हा दुकानांपाशीच येऊन पोहोचले.

जमैका हे छोटं बेट. शाळेची आणि कचेरीची भाषा इंग्रजी, घरची भाषा पात्वा. तिथलं स्वतःचं संगीत मोठ्या कंपन्यांनी नाही, दुकानदारांनी उभं केलं. किंग्स्टनमध्ये लेस्ली काँग यांच्या कुटुंबाचं बेव्हर्लीज नावाचं आइस्क्रीम आणि रेकॉर्डचं दुकान होतं. १९६२ मध्ये, म्हणजे जमैका स्वतंत्र झाली त्याच वर्षी, सतरा वर्षांच्या बॉब मार्लीची पहिली तबकडी काढली ती याच लेस्ली काँग यांनी. व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन या नवरा-बायकोचं रँडीज हे दुकान नॉर्थ पॅरेड भागात होतं. खाली विक्री आणि वरच्या मजल्यावर स्टुडिओ. पुढे हेच दांपत्य न्यूयॉर्कला गेलं आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरं घेऊन त्यांनी व्हीपी रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. घरच्या भाषेतलं हे गाणं नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

आपल्याकडेही असे दुकानदार होते. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गाण्याच्या आणि पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेट स्वतःच्या नावाने काढल्या, आणि मराठी घरांनी त्या पाठ होईपर्यंत ऐकल्या. आपल्या बाजारातली ती खालची रांगही याच जातीची होती. फरक एवढाच की अलूरकरांच्या कॅसेटवर नाव होतं, तारीख होती, कव्हर होतं. आपल्यावर फक्त चिठ्ठी होती.

२०१६ च्या सुरुवातीला ऱ्हिदम हाऊस बंद झालं तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. आपल्याकडची दुकानं कुठल्या वर्षी बंद झाली, हे कुणाला सांगता येईल? आधी सीडी आली, मग 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशी पाटी लागली, मग मोबाईलचं रिचार्ज. त्याच खणात, त्याच गल्ल्यावर. गाणी संपली असं नाही. आज बँड पार्टीचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. पण आपल्या लहानपणी गाणाऱ्या आजीबाई आणि पावरी वाजवणारे आजोबा त्या व्हिडिओत नाहीत. ते असलेच तर त्या चिठ्ठीवाल्या कॅसेटमध्ये आहेत. जनगणनेत मावची ही भिलीच्या गटात मोजली जाते, आणि भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे या गाण्यांची नोंद ठेवणं ही आपली गरज आहे.

आणि वेळ थोडा आहे. कॅसेटचं रीळ म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, भुकटी सुटते, रीळ चिकटतं. गाणी चांगली राहिली तरी वाजवायला यंत्र मिळत नाही.

म्हणून काम सांगते. स्नेहमेळाव्याला येताना घरातल्या पेट्या, माळे, कपाटाचे तळ बघा. घरच्या लग्नाची, होळीची, डोंगऱ्यादेवाची, चर्चमधली, बँडची, कुठलीही स्थानिक कॅसेट असेल तर घेऊन या. जुन्या टेपमध्ये घालून बघू नका, एकदा रीळ अडकलं की तुटतं. पांढरे ठिपके दिसले तर वेगळ्या पिशवीत ठेवा. मी चांगल्या स्थितीतला डेक आणि लॅपटॉप आणणार आहे. प्रत्येक कॅसेट मूळ वेगाने वाजवून, आवाज न दाबता संगणकात उतरवून घेऊ. बुरशी धरलेल्या आणि वेळेत न झालेल्या कॅसेट पावती देऊन घेईन आणि काम झाल्यावर परत पाठवीन. एक प्रत ज्याची कॅसेट त्याला, एक शाळेच्या ग्रंथालयाला. गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही इंटरनेटवर टाकणार नाही.

यंत्राचं काम माझं. पण आवाज कुणाचा, गाव कुठलं, लग्न कुणाचं, पाऊस कुठल्या वर्षीचा, हे मला एकटीला सांगता येणार नाही. त्यासाठी तुम्ही लागाल, आणि विशेषतः आपले सर आणि बाई लागतील, कारण गावोगावची माणसं आवाजावरून ओळखणारे तेच आहेत. डेकशेजारी एक वही ठेवते. ऐका आणि आठवेल ते लिहा.