गोंदिया-बालाघाट मार्ग : राज्यसीमा आणि सामायिक इतिहास

गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांच्या ठिकाणांना जोडणारा रस्ता पन्नास किलोमीटरहूनही कमी लांबीचा आहे. रजेगावजवळ तो बाघ नदी ओलांडतो आणि महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू होतो. आज हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्र. ५४३ चा भाग आहे. त्याला आंतरराज्य मार्ग म्हटले जात असले, तरी त्याचे हे स्वरूप १९५६ पूर्वीचे नाही, ही बाब अभ्यासकांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.

बालाघाट जिल्ह्याची निर्मिती १८६७ मध्ये भंडारा, सिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाली. दक्षिणेकडील सखल, भातपिकाचा प्रदेश भंडाऱ्यातून आला. गोंदियाही तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. म्हणजेच या मार्गाची दोन्ही टोके मुळात एकाच मुलखातील होत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर हा नॅरोगेज लोहमार्ग झाला आणि बालाघाट गोंदियामार्गे नागपूर-हावडा मुख्य मार्गाशी जोडले गेले. जिल्हे वेगळे झाले तरी प्रांत एकच होता, राजधानी नागपूर होती आणि १९३६ पासून उच्च न्यायालयही नागपूरलाच होते. १९५० च्या कायद्याने या प्रांताने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा दिला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे चित्र पालटले. भाषावार पुनर्रचनेत बालाघाट भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले, तर गोंदिया मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. बालाघाटचे उच्च न्यायालय आता जबलपूरला होते. रस्ता होता तेथेच राहिला. बदलले ते कायदे.

याचे बोलके उदाहरण म्हणजे तेंदूपान. बालाघाटच्या जंगलांत तेंदू विपुल, तर गोंदिया हे बिडी उद्योगाचे जुने केंद्र. मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या हाती घेतला. महाराष्ट्राने तसा कायदा १९६९ मध्ये केला. मधल्या पाच वर्षांत बाघ नदीच्या दोन तीरांवर एकाच पानाला दोन कायदे लागू होते.

भाषेला मात्र ही सीमा कधीच मान्य झाली नाही. पोवारी बोली आजही दोन्ही जिल्ह्यांत बोलली जाते. भाषेच्या आधारे आखलेली सीमा एका बोलीच्या मधूनच गेली, ही या पुनर्रचनेतील विसंगतीच म्हणावी लागेल.

जिल्हा किंवा राज्य हे एकक मानून लिहिलेल्या इतिहासात असा प्रदेश दोन्हीकडे टोकाला पडतो आणि दोन्हीकडे अपुरा राहतो. सीमाभागातील महाविद्यालयांत स्थानिक इतिहास शिकविताना नकाशाऐवजी रस्ता हे एकक घेतले, तर नदीपलीकडचे गाव विद्यार्थ्याला परराज्य न वाटता स्वतःच्याच इतिहासाचा उरलेला भाग वाटेल.