तेलशुद्धीकरण यंत्रसामग्रीसाठी गंजरोधक धातूंची निवड

कच्चे तेल शुद्ध करताना ते ज्या स्तंभांतून, भट्ट्यांतून आणि नळांतून जाते, त्यांच्यासाठी गंज सोसणारा धातू ठरवण्याचे शास्त्र. खुद्द तेल पोलादाला फारसे खात नाही. खातात ती तेलासोबत येणारे क्षारयुक्त पाणी, गंधकाची संयुगे व नॅप्थेनिक आम्ले. ती कारखान्यात वेगवेगळ्या जागी मारा करतात, म्हणून सगळीकडे एकच धातू चालत नाही.

ऊर्ध्वपातन स्तंभाच्या माथ्याशी वाफ निवते. तिथे पाण्याच्या पहिल्या थेंबांत त्या क्षारांपासून सुटलेले हायड्रोजन क्लोराइड विरघळून तीव्र आम्ल तयार होते. त्यापुढे मॉनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियम वापरतात. नेहमीचे ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील कार्बन पोलादापेक्षा महाग, पण क्लोराइडमुळे त्याला तडे जातात. किंमत पाहून धातू निवडणे इथे घातक ठरते.

सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर गंधक कार्बन पोलादाला पातळ करू लागते. ५ ते ९ टक्के क्रोमियमचे पोलाद तिथे बरेच टिकते. नॅप्थेनिक आम्लापुढे मात्र तेवढे क्रोमियम पुरत नाही, मॉलिब्डेनमयुक्त ३१६ एल किंवा ३१७ एल जातीचे स्टेनलेस स्टील लागते. मुंबई हायचे तेल कमी गंधकाचे, आखातातले बहुतेक जास्त गंधकाचे. दोन्ही घेणाऱ्या कारखान्याने धातू ठरवताना त्यांतले वाईट तेलच धरले पाहिजे.

कार्बन पोलादातही भेद असतो. सिलिकॉन ०.१० टक्क्याहून कमी असेल, तर गंधकाने होणारी झीज कित्येक पटींनी वाढते. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे शेव्हरॉनच्या कारखान्यात १९७६ साली बसवलेल्या एका नळवाटेत असाच कमी सिलिकॉनचा तुकडा होता. शेजारच्या जास्त सिलिकॉनच्या जोडतुकड्यांची जाडी ठीक भरत राहिली, आणि हा आतून झिजत गेला. ६ ऑगस्ट २०१२ रोजी तो फुटला. गळलेल्या तेलाच्या बाष्पाच्या ढगात १९ कर्मचारी सापडले. ते सर्व वाचले, पण तो ढग पेटून लागलेल्या आगीच्या धुरानंतर परिसरातील सुमारे १५,००० लोकांना उपचारासाठी जावे लागले. धातू कागदोपत्री कार्बन पोलादच होता, आणि त्या काळच्या विनिर्देशात सिलिकॉनची किमान अट नव्हती.

अशा जुन्या नळवाटांवर प्रत्येक तुकड्याची जाडी स्वतंत्र मोजणे किंवा ९ टक्के क्रोमियमचे पोलाद बसवणे, हे दोन मार्ग आहेत. दुसरा खर्चिक असला तरी निःसंशय अधिक भरवशाचा आहे.