पडद्यावरचा रोगी

ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये हलती चित्रे दाखविली, आणि चारपाच वर्षे लोटतात न लोटतात तोच ती रुग्णालयात शिरली. बुखारेस्टचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. मारिनेस्कू यांनी १८९८ पासून आपल्या रोग्यांची चाल फितीवर टिपून ठेवली. तुम्ही म्हणाल, रोगी समोर असताना चित्र कशाला? अहो, मनाचा रोगी आज बोलतो, उद्या भिंतीकडे तोंड करून बसतो. शिवाय पन्नास विद्यार्थ्यांचे कोंडाळे खाटेभोवती पडले, तर धडधाकट माणूसही गांगरेल! फीत मात्र थांबवावी, मागे न्यावी. कुणाला त्रास नाही.

पण फीत खरे बोलते का? पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, इंग्लंडच्या नेटली आणि सील हेन येथील लष्करी रुग्णालयांत डॉ. आर्थर हर्स्ट यांनी रणांगणाच्या धक्क्याने थरथरणाऱ्या सैनिकांचा चित्रपट काढला. आधी लुळा पडलेला शिपाई, मग ताठ चालणारा. बघणारा थक्क होतो. पुढे संशोधकांनी दाखवून दिले, की ‘आधीची’ काही दृश्ये शिपाई बरे झाल्यावर त्यांच्याकडून पुन्हा करवून घेतलेली होती. माझ्या मते हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावाच, पण ही हकीकत सांगून.

करमणुकीच्या चित्रपटांचेही तेच. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरील ‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१) अनेक ठिकाणी वर्गात दाखवितात. त्यात नॅशना नसलेली माणसे दिसतात. प्रत्यक्षात त्यांना छळले ते मुख्यतः आवाजांनी. छिन्नमनस्कतेत कानी येणारे भासच अधिक आढळतात. पण कॅमेऱ्याला आवाज कसा दिसणार? हा फरक ज्याने ओळखला, त्याचा अर्धा धडा झाला म्हणा ना.

शिकविण्याची एक साधी रीत आहे. आवाज बंद करून दहा मिनिटे चित्र पाहायचे आणि दिसले तेवढेच लिहायचे: कपडे, नजर, हातांची चाळवाचाळव. रोगाचे नाव घ्यायचे नाही. मग आवाज सुरू करून बोलण्याचा वेग, विचारांची संगती, आपण आजारी आहोत ही जाणीव. ‘खिन्न दिसतो’ असे लिहिणाऱ्याला विचारायचे, कशावरून?

मराठीत सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) या कामी फार उपयोगी. त्यांच्याच ‘कासव’ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळाले. त्यातला तरुण जिवावर उठलेला, जवळजवळ मुका. त्याला आसरा देणारी जानकी त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावीत नाही, आणि ते तिला शोभते. डॉक्टराला नाही शोभत. “जीव द्यावासा वाटतो का?” हे त्याला विचारावेच लागते, आणि विचारल्याने ती इच्छा बळावत नाही. म्हणून इथे फीत थांबवावी, एका विद्यार्थ्याने त्या तरुणाच्या जागी बसावे, आणि दुसऱ्याने हा प्रश्न मोठ्याने, त्याच्या डोळ्यांकडे पाहून विचारावा. पहिल्या खेपेस बहुतेकांचा आवाज अडखळतो.